कपाचा न्याय सदऱ्याला

गेल्या वर्षीच्या वार्षिक प्रदर्शनात आमच्या वर्गाने एक छोटेसे दुकान मांडले होते. महाविद्यालयाच्या आवारातल्या वडाचे एक रेखाचित्र निवडले, ते ६० टी-शर्टांवर आणि ४० कपांवर छापून घेतले आणि दोन दिवसांत सगळा माल खपवला. वर्गाच्या अभ्याससहलीसाठी पैसे उभे करायचे होते. टी-शर्टाची किंमत २२० रुपये ठेवली होती. घेणाऱ्यांत सहाध्यायी होते, प्राध्यापक होते, कॅन्टीनच्या मावशीही होत्या. मावशींनी तर आपल्या दोन मुलांसाठी दोन घेतले. पैसे मोजून, सवलत न मागता.

तिसऱ्या आठवड्यात मावशी त्यातला एक टी-शर्ट घेऊन आल्या. तो पांढरा होता. म्हणजे नुसताच पांढरा. वड कुठे होता हे कळण्यासाठी तो खिडकीशी उजेडात धरावा लागला. तेव्हा पारंब्यांच्या जागी काही करड्या रेघा दिसल्या. "एकदाच धुतला रे," मावशी म्हणाल्या, "तोही हातानं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागले. पुढच्या महिनाभरात एकूण ४१ टी-शर्ट परत आले. सर्वांचे पैसे आम्ही दिले. ९,०२० रुपये गेले आणि त्यांच्याबरोबर अजिंठ्याची सहलही गेली.

कप मात्र एकही परत आला नाही. वड तोच, कागद तोच, शाई तीच, छपाईवालाही तोच. ग्रंथालयातल्या टेबलावर एक कप आहे. तो दिवसातून चार वेळा घासला जातो आणि त्याच्यावरची पाने अजून हिरवी आहेत.

हा लेख त्या छपाईवाल्याच्या तक्रारीचा नाही. "कपावर छान येतंय ना, मग टी-शर्टवरही तसंच करा," असे त्याला सांगणारे आम्हीच होतो. पहिला टी-शर्ट यंत्रातून बाहेर निघाला तेव्हाच रंग फिके आहेत हे दिसत होते. पण आम्ही पडलो कलेचे विद्यार्थी! आम्ही त्याला 'जुन्या छायाचित्राचा परिणाम' असे नाव देऊन मोकळे झालो. नाव दिले की दोषाचा गुण होतो, ही विद्या आम्ही कुठे शिकलो ते येथे सांगत नाही.

आधी चित्र कागदावर किंवा पातळ फिल्मवर छापायचे आणि मग उष्णतेने, पाण्याने अथवा दाबाने ते वस्तूवर उतरवायचे, या प्रकाराला ट्रान्सफर छपाई म्हणतात. आज गल्लोगल्ली जे 'फोटो मग' आणि 'फोटो टी-शर्ट' करून मिळतात ते याच जातीचे. त्यांतल्या ज्या पद्धतीने आमचा घात केला तिचे नाव सब्लिमेशन. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हाच शब्द 'संप्लवन' म्हणून भेटला होता. उघडा राहिलेला कापूर न पेटवताही झिजत जातो, कपाटातल्या डांबरगोळ्या महिन्यागणिक बारीक होतात. पातळ न होता घनाची सरळ वाफ होते. या छपाईतल्या रंगांची तशी वाफ साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअसच्या दरम्यान होते. त्याच उष्णतेने पॉलिएस्टरचा धागा आतून सैल झालेला असतो. वाफ धाग्यात शिरते, कापड निवले की धागा पुन्हा आवळतो आणि रंग आत कोंडला जातो. हे सारे मिनिटभरात उरकते. रंग धाग्यावर नसतो, धाग्यात असतो. म्हणून तो बोटांना जाणवत नाही आणि धुण्यात जात नाही. फ्रान्समध्ये १९५७ साली नोएल द प्लास या संशोधकाने रंगांचा हा गुण कापडाच्या छपाईसाठी हेरला. पुढे सत्तरच्या दशकात जगभर पॉलिएस्टरची लाट आली आणि तिच्यावर स्वार होऊन ही छपाईही सगळीकडे पोचली. आज सुरतेत पॉलिएस्टरच्या साड्यांचे तागेच्या तागे या पद्धतीने छापले जातात.

कापसाचा स्वभाव अगदी उलटा. कापूस पाण्याचा सोयरा. सर्वसाधारण हवेतही तो आपल्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून असतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. आणि सब्लिमेशनचे रंग, ज्यांना या व्यवसायात डिस्पर्स रंग म्हणतात, ते पाण्याशी फटकून वागणारे. त्यांना कापसात बिऱ्हाड मिळत नाही. वाफ येते, तंतूंच्या पाठीवर क्षणभर टेकते आणि पहिल्या बादलीत उतरून जाते. मावशींच्या टी-शर्टाचे नेमके हेच झाले. आम्ही 'शंभर टक्के कॉटन' म्हणून अभिमानाने महाग टी-शर्ट आणले होते. स्वस्तातले पॉलिएस्टरचे आणले असते तर वड वाचला असता.

मग कप कसा टिकला? चिनी मातीत तर धागाही नाही आणि पॉलिएस्टरही नाही. येथेच आमच्या अज्ञानाची खरी मौज आहे. छपाईचे म्हणून जे पांढरे कप मिळतात, त्यांच्यावर पॉलिएस्टरच्या जातीचा एक पारदर्शक लेप आधीच दिलेला असतो. रंग शिरतो तो त्या लेपात. मातीशी त्याचा काही संबंध येत नाही. स्वयंपाकघरातला साधा कप त्याच यंत्रात, त्याच कागदात गुंडाळून तापवला असता, तर त्याचीही गत टी-शर्टासारखीच झाली असती.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की 'कापडासाठी ही पद्धत, टणक वस्तूसाठी ती पद्धत' अशी जी सरसकट विभागणी आपण करतो तीच मुळात फसवी आहे. लेप दिलेला कप आणि पॉलिएस्टरचा टी-शर्ट हे सख्खे भाऊ. सुती टी-शर्ट आणि पॉलिएस्टरचा टी-शर्ट एकाच शिंप्याने शिवलेले असले तरी त्यांचे गोत्र वेगळे. वस्तू मऊ की टणक हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, तिच्या अंगावरची कातडी कशाची आहे. मऊ-टणकाचा प्रश्न येतो तो पुढे, ती वस्तू कशी जगणार आहे याचा विचार करताना. सदरा ताणला जातो, चुरगळतो, पिळला जातो, इस्त्रीखाली जातो. कप वाकत नाही, पण त्याच्या नशिबी घासणी आहे आणि दिवसातून चार वेळा उकळता चहा आहे. जी छाप ताण सोसते ती घासणी सोसेलच असे नाही, आणि उलटही.

सुती कापडापुरते बोलायचे तर आजकाल एका पद्धतीचा फार बोलबाला आहे. तिला डीटीएफ म्हणतात. फिल्मवर उलटे चित्र छापतात, त्यावर पांढऱ्या शाईचा थर देतात, ओल्या शाईवर डिंकाची भुकटी पसरून ती तापवतात आणि मग ही फिल्म कापडावर ठेवून दीडशे-एकशेसाठ अंशांवर दहा-पंधरा सेकंद दाबतात. फिल्म सोलली की चित्र कापडावर राहते. सुती, पॉलिएस्टर, टेरिकॉट, काळे, पांढरे, तिला सगळे चालते. सब्लिमेशनमध्ये पांढरी शाईच नसल्यामुळे गडद कापडाला हात लावता येत नाही; ती अडचण येथे नाही. त्यामुळे आमच्या वर्गात आता एकच मंत्र आहे: 'डीटीएफ कर, विषय संपव.'

माझ्या मते विषय संपत नाही. ही छाप धाग्यात शिरत नाही, वर चिकटून बसते. छातीवर वितभर लांबीरुंदीचा भरीव चौकोन छापला की तेवढ्या जागी मेणकापड पांघरल्यासारखे होते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तो टी-शर्ट घालून बसथांब्यावर दहा मिनिटे उभे राहावे, म्हणजे मी काय म्हणतो ते घामाच्या आकारावरून समजेल. तेव्हा ही पद्धत निवडायचीच असेल तर चित्रही तिच्यासाठी करायला हवे: रेषेचे, मोकळे, मध्ये कापड दिसू देणारे. आमचा वड याला उत्तम होता. पण चित्र आधी, पद्धत मागून, आणि कापड सर्वांत शेवटी अशा क्रमाने आम्ही चाललो होतो. नेमका उलट क्रम हवा होता.

आणि खरे सांगायचे तर एकाच चित्राचे दोन रंगांतले ६० सुती टी-शर्ट हवे होते, तेव्हा ट्रान्सफरचा विचारही करायला नको होता. सरळ स्क्रीन प्रिंटिंग! पाण्यात कालवलेला रंग कापडात मुरला असता आणि खर्चही कमी आला असता. आमच्याच मुद्रणशाळेत पडदे भिंतीला टेकून धूळ खात उभे होते. तेथे जाऊन हात काळे करण्यापेक्षा फोनवरून फाईल पाठवणे आम्हाला सोपे वाटले. प्रत्येक टी-शर्टावर वेगळे नाव, वेगळे छायाचित्र घालायचे असेल, किंवा दोन-चारच नग हवे असतील, तेथे ट्रान्सफरला तोड नाही हे मान्य.

टेरिकॉटबद्दल दोन शब्द. त्यात बऱ्याचदा सुमारे दोन तृतीयांश पॉलिएस्टर आणि बाकी कापूस असतो. त्यावर सब्लिमेशन केले तर रंग फक्त पॉलिएस्टरचे धागे धरतात आणि चित्र पिठूळ दिसते. कुणाला तसेच हवे असेल तर ती निवड झाली. आमची ती निवड नव्हती, अपघात होता. दुसरा धोका रंगीत पॉलिएस्टरचा. क्रीडास्पर्धेच्या लाल जर्सीवर पांढरा क्रमांक जास्त उष्णतेने दाबला की जर्सीचाच लाल रंग वाफ होऊन पांढऱ्यात चढतो आणि दोन दिवसांत क्रमांक गुलाबी होतो. जो गुण एका ठिकाणी छापतो तोच दुसरीकडे डाग पाडतो.

आता टणक वस्तूंकडे वळू. ट्रान्सफर छपाईचे यश प्रथम कापडावर नव्हे तर या वस्तूंवरच दिसले, हे मला या उद्योगात पडेपर्यंत माहीत नव्हते. १७५६ साली लिव्हरपूलमध्ये जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिले की आपण सहा तासांत बाराशेहून अधिक चिनी मातीच्या फरशा छापल्या. कोरीव पत्र्यावरचा ठसा कागदावर घ्यायचा आणि कागदावरून फरशीवर. हाताने रंगवणाऱ्या कारागिरांच्या पोटात गोळा आला असेल. पुढे जोसाया वेजवुड आपली भांडी छापण्यासाठी त्यांच्याकडेच पाठवू लागला. त्याच शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधले कुंभार निळे चित्र आधी कच्च्या भाजलेल्या भांड्यावर उतरवून त्यावर काचेचा झिलईदार थर चढवू लागले. चित्र काचेखाली गेले, मग त्याला घासणी काय करणार? त्या काळातली भांडी आज संग्रहालयांत आहेत आणि त्यांचा निळा रंग जागचा हललेला नाही.

या विद्येचा वंश आजही चालू आहे. भट्टीत पक्का होणारा रंग कागदावर छापतात, कागद पाण्यात भिजवून वरची नाजूक कातडी भांड्यावर सरकवतात आणि साधारण ७५० ते ८५० अंशांवर पुन्हा भाजतात. रंगातले काचद्रव्य झिलईत वितळून एकजीव होते. सब्लिमेशनच्या कपाला त्यापुढे किती आयुष्य असणार! त्याच्या लेपावर तारेची घासणी रोज फिरली की लेप ओरखडतो आणि लेपाबरोबर चित्रही. उन्हात ठेवलेल्या वस्तूवर तर हे रंग घासल्याशिवायच उडू लागतात. भेट म्हणून द्यायच्या, एका वाढदिवसापुरत्या कपाला सब्लिमेशन पुरेसे आहे. पण ज्या ताटात कुणी वीस वर्षे जेवणार आहे त्याला भट्टीच हवी. आपल्या सिरॅमिक विभागात भट्टी आहे, पलीकडच्या इमारतीत छपाईचे पडदे आहेत. या दोघांची भेट माझ्या तीन वर्षांत तरी घडलेली मी पाहिली नाही.

बाजारात नावांचाही एक घोळ आहे. डीटीएफ नावाचाच एक दुसरा प्रकार यूव्ही डीटीएफ म्हणून मिळतो. त्याला उष्णता लागत नाही. अतिनील प्रकाशात सुकणारी शाई आणि मागे गोंद. बाटलीवर, काचेवर, पत्र्यावर हाताने चिकटवले की झाले. नाव जवळजवळ एक, पण एक कापडाचा आणि दुसरा टणक वस्तूंचा. आमच्या एका मैत्रिणीने स्वस्त मिळाले म्हणून हे दुसरे आणून कापडी पिशव्यांवर चिकटवले. पिशवीची पहिली घडी पडली तेथे चित्राला भेग गेली. गुळगुळीत काचेच्या बरणीवर तेच चित्र सुंदर बसते. फक्त ज्या पेल्याला ओठ लागतात त्याच्या काठावर ते लावू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. शाई आणि गोंद पोटात जावा अशी काही कला नाही.

स्टीलच्या पेल्याचे मात्र मला वेगळेच वाटते. भांडीवाल्याच्या दुकानात यंत्राने टिंब टिंब जोडून नाव घालून मिळते. आमच्या घरी आजीच्या नावाचे, कुणाच्या मुंजीच्या तारखेचे असे कितीतरी पेले आहेत. शाई नाही, लेप नाही, फिल्म नाही. राखेने घासले, काथ्याने घासले, अक्षर जागच्या जागी. स्टीलवर काय छापावे असे कुणी विचारले तर मी म्हणेन, छापू नका, नाव घालून घ्या.

गोल कप गुंडाळता येतो, पण माठ गुंडाळता येत नाही, हाही विचार असतो. ज्या वस्तूला दोन्ही दिशांनी बाक आहे तिच्यावर कागद सुरकुततो. तेथे पाण्यावर तरंगणाऱ्या फिल्ममधून वस्तू बुडवून काढण्याची युक्ती आहे. किंवा सिलिकॉनच्या मऊ गादीवर ठसा उचलून तो वस्तूवर टेकवण्याची. पेनांवरची आणि घड्याळांच्या तबकड्यांवरची बारीक अक्षरे या गादीनेच उमटतात.

या सगळ्यावर आमच्या एका प्राध्यापकांचा आक्षेप आहे, आणि तो मनापासूनचा आहे. ते म्हणाले, "अरे, ही दुकानदारी झाली. तुम्ही इथे चित्र शिकायला आलात, तापमानं पाठ करायला नाही." सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मला हे पटत नाही. रॉशेनबर्गने १९५८ ते १९६० या काळात दान्तेच्या नरकावर ३४ चित्रे केली, तीही ट्रान्सफरनेच: मासिकांतली छापील चित्रे द्रावकाने भिजवायची, कागदावर उलटी ठेवायची आणि मागून घासायची. कुठली शाई कुठल्या द्रावकात सुटते हे त्याला ठाऊक नसते तर ती चित्रे झालीच नसती. आपल्या मुद्रणशाळेत थिनर घेऊन बसणाऱ्यांना हे रोज कळते: झेरॉक्सचा काळा उतरतो, घरच्या इंकजेटचा नुसता लगदा होतो. (आणि देवनागरी अक्षरे उलटी उमटतात हे प्रत्येक तुकडीला स्वतःच्या खर्चाने शिकावे लागते.)

सरांना मी अजिंठ्याचेही उदाहरण देईन. ते आम्हाला पाहायला मिळाले नाही म्हणून जरा जास्तच अगत्याने. तेथली चित्रे थेट दगडावर काढलेली नाहीत. माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा केला, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग रंग लावले. त्या चित्रकारांनी भिंतीची कातडी आधी तयार केली. त्याला कुणी गवंडीकाम म्हणून हिणवत नाही.

शिवाय दुकानदारीचेच म्हणाल तर आमच्यातले निम्मेअधिक जण शिक्षण संपल्यावर ऑर्डरी घेऊनच पोट भरणार आहेत. गणेशोत्सवातल्या ढोलपथकांचे टी-शर्ट, लग्नातल्या भेटवस्तू, शाळांची स्मृतिचिन्हे. गिऱ्हाईक कापडाचे विज्ञान शिकलेले नसते. ते आपल्यावर विसंबते, जशा मावशी विसंबल्या होत्या. चित्र वाईट असेल तर ते घेताना दिसते. छाप वाईट आहे हे घेतल्यावर दिसते, आणि तोवर पैसे आपल्या खिशात आलेले असतात.

म्हणून वार्षिक प्रदर्शनाच्या समितीपुढे मी एक सूचना ठेवली आहे. धुऊन अथवा घासून पाहिलेला नमुना शेजारी ठेवल्याशिवाय कुठलीही छापील वस्तू विकायला मांडू नये. दहा धुण्यांनंतरचा टी-शर्ट, महिनाभर वापरलेला कप, जसा असेल तसा, उतरलेला असेल तर उतरलेला. कापड ओळखण्यासाठी तर यंत्रही लागत नाही. कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरावा आणि बशीवर पेटवावा. कापूस कागदासारखा वास देऊन जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून आकसतो आणि टणक मणी होतो. दोन्ही झाले तर मिश्रण. पावसाळ्यात छापायचे असेल तर कापड आधी पाच-दहा सेकंद नुसतेच दाबून ओलावा काढावा, आणि ट्रान्सफरचा कागद पिशवीत बंद ठेवावा. नाहीतर दमट कागदावरचे ठिपके पुन्हा 'परिणाम' म्हणून खपवावे लागतील.

समितीचा निर्णय अजून झालेला नाही. मधल्या काळात आम्ही चौघांनी वसतिगृहाच्या गच्चीवर एक दोरी बांधली आहे. तिच्यावर सात तुकडे आहेत: दोन सुती, दोन पॉलिएस्टर, एक टेरिकॉट, एक लाल जर्सीचा आणि एक मावशींनी परत केलेल्या टी-शर्टाचा, ज्यावर या वेळी पडद्याने वड छापला आहे. दर रविवारी धुतो आणि तारीख वहीत मांडतो. काल अकरावे धुणे झाले. वही ग्रंथालयात त्या हिरव्या पानांच्या कपाशेजारी ठेवली आहे. ज्याला हवी त्याने चाळावी, फक्त पाने फाडू नयेत.